प्राचीन प्रार्थनामंदिरें आणि त्यांची ऊब

इंग्लंडांतील जुन्या प्रार्थनामंदिरांचा इतिहास सांगतांना त्यांच्या कमानी, मनोरे आणि रंगीत कांचांच्या खिडक्या यांचें वर्णन करण्याचा प्रघात आहे. परंतु या थंडगार दगडी वास्तूंना ऊब कशी मिळाली, याचाहि एक इतिहास आहे. आणि त्याचें एक नवें प्रकरण सध्यां लिहिलें जात आहे.

मध्ययुगांत अशी सोय फारशी नव्हतीच. उपासक जाड वस्त्रें पांघरून येत आणि थंडी सोशीत प्रार्थना करीत. एकोणिसाव्या शतकांत आगगाड्यांनीं दगडी कोळसा गांवोगांव पोंचविला, तेव्हां ही स्थिति पालटली. कॉर्नवॉलचा शल्यवैद्य आणि संशोधक सर गोल्ड्सवर्दी गर्नी (१७९३-१८७५) यानें एक मोठी शेगडी काढली. मध्यें लोखंडी नळकांडें, त्याच्या सभोंवतीं उभ्या पात्या आणि खालीं पाण्याचें पात्र, अशी तिची रचना होती. पात्यांमुळें उष्णता चोहोंकडे फांके आणि पाण्यामुळें हवा अगदींच कोरडी होत नसे. इली, पीटरबरो, हेरफर्ड येथील कॅथीड्रलांत या शेगड्या आल्या. विसाव्या शतकांत कोळशाची जागा बहुतेक ठिकाणीं तेलानें आणि वायूनें घेतली. इंधन बदललें, पण धूर राहिलाच.

शिवाय तापलेली हवा वर जाते. ती उंच छतापाशीं सांचते आणि खालीं माणसें कुडकुडतात. इमारत घाईनें तापविली आणि घाईनें निवूं दिली, तर जुनें लांकूड तडकतें व ऑर्गनचे स्वर बिघडतात. म्हणजे येथें प्रश्न केवळ इंधनाचा नाहीं, वास्तूच्या आयुष्याचाहि आहे.

या दृष्टीनें बाथ शहरांतील अ‍ॅबीचें उदाहरण मननीय आहे. इ. स. ९७३ मध्यें राजा एडगर याचा राज्याभिषेक याच स्थानीं झाला. हल्लींच्या वास्तूचा आरंभ बिशप ऑलिव्हर किंग याच्या वेळीं, १४९९ च्या सुमारास झाला. १५३९ मध्यें आठव्या हेन्रीच्या अमलांत येथील मठ मोडला. पुढें ही वास्तु नगराचें प्रार्थनामंदिर झाली. शतकानुशतकें फरशीखालीं हजारों मृतांस मूठमाती मिळाली होती. त्यामुळें जमिनींत पोकळ्या पडून फरशी खचूं लागली. २०१८ ते २०२१ या काळांत ती उचलून नीट बसवावी लागली, आणि त्याच संधीचा लाभ घेऊन उष्णतेची नवी व्यवस्था करण्यांत आली.

मंदिराच्या शेजारींच रोमन लोकांचीं स्नानगृहें आहेत. तेथील झऱ्यांतून दररोज अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी सुमारें ४६ अंश उष्णतेनें बाहेर पडतें. जास्तीचें पाणी रोमनांनीं बांधलेल्या नाल्यांतून एव्हन नदीस मिळतें. ही उष्णता इतकीं शतकें नदींत वायां जात होती. आतां त्या नाल्यांत बसविलेल्या साधनांतून दुसरें पाणी खेळवितात. झऱ्याचें पाणी त्यांत मिसळत नाहीं, केवळ त्याची उष्णता घेतली जाते. विजेवर चालणारे उष्णता-पंप ती वाढवितात आणि फरशीखालच्या नळ्यांतून ती उपासकांच्या पायांपर्यंत पोंचते. संथ, सौम्य उबेनें वास्तूस धक्काहि कमी बसतो.

परंतु प्रत्येक गांवीं असा झरा कोठून येणार? चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेनें २०२० मध्यें ठराव केला कीं, २०३० पर्यंत कर्बवायूचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावें. या धर्मसंस्थेच्या प्रार्थनामंदिरांची संख्या सुमारें १६,००० आहे. ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलवर २०१६ मध्यें १५० सौर तक्ते चढले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलवर २०२३ मध्यें ४३८ बसविले गेले. परंतु प्राचीन वास्तूंच्या रक्षकांनीं त्याला आधीं हरकत घेतली होती. दोन्ही पक्षांची कळकळ खरी होती: एकास वास्तूचें रूप राखावयाचें होतें, दुसऱ्यास ती वास्तु ज्या जगांत उभी आहे तें जग.

खेड्यांतील लहान मंदिराची अडचण याहून निराळी आहे. तेथें आठवड्यांतून एखादा तासच माणसें जमतात आणि पेटींत पैसा थोडा असतो. अशा ठिकाणीं सारी हवा तापविण्याऐवजीं बांकांखालीं विजेची शेगडी किंवा बैठकीवर गरम होणारी गादी ठेवून माणसांनाच ऊब द्यावी, असा सल्ला दिला जातो. त्यासाठीं भव्य योजना लागत नाहीं. लागतो तो विवेक. ज्या मंदिरांत हिवाळ्यांत कोणीच बसूं शकत नाहीं, तें कितीहि प्राचीन असलें तरी हळूहळू ओस पडतें. आणि ओस पडलेली वास्तु फार काळ टिकत नाहीं.