कॅमेरा नव्हता तेथले साक्षीदार

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ताजमहाल हॉटेलचा धुराने वेढलेला घुमट उभा राहतो. हे स्वाभाविक आहे. अपोलो बंदरावर कॅमेरे रोवून वृत्तवाहिन्यांनी तो घुमट जवळजवळ साठ तास घराघरांत पोहोचवला. पण त्या हल्ल्यात बळी पडलेल्या १६६ जणांपैकी पन्नासहून अधिक माणसे एकाच ठिकाणी मेली आणि ते ठिकाण ताज नव्हते. ते होते छत्रपती शिवाजी टर्मिनस. मुंबईकरांचे जुने व्हीटी, २०१७ पासूनचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तेथला संहार उरकला तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या अजून शहराच्या रस्त्यांवरून वाट काढीत होत्या. परिणामी ताजची आठवण साऱ्या देशाची झाली आणि स्थानकाची आठवण मात्र त्या घटकेला तेथे असलेल्यांपाशीच राहिली. अशा आठवणींवर इतिहासाने किती भिस्त ठेवावी, एवढाच प्रश्न येथे आम्हांला विचारायचा आहे.

या आठवणी वाचू लागले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. पहिला आवाज ऐकला तेव्हा फटाके वाजत आहेत असे वाटले, हे कुलाब्यातले लोक सांगतात, स्थानकावरचे प्रवासी सांगतात आणि हॉटेलांतले पाहुणेही सांगतात. त्या रात्री कटकला भारताने इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना सहा गडी राखून जिंकला होता. शिवाय दिवस लग्नसराईचे. फटाक्यांवर विश्वास ठेवायला शहरापाशी कारण होते. ज्यांना गोळ्यांचा आवाज ओळखू आला त्यांच्यापैकी पुष्कळांना, आणि आरंभी काही पोलिसांनाही, हे टोळीयुद्ध वाटले. मुंबईने बंदुकीचा आवाज आजवर ज्या संदर्भात ऐकला होता तोच संदर्भ मनाने पुढे केला. साक्षीदाराची पहिली चूक ही अशी त्याच्या शहराने शिकवलेली असते. ती संपादकांनी गाळून टाकू नये असे आम्हांला वाटते, कारण हल्ल्याच्या आदल्या मिनिटापर्यंत हे शहर कोणत्या गोष्टीची अपेक्षा करीत होते, हे तिच्यातूनच कळते.

दुसरी चूक संख्येची. कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी रबरी होडीतून दहा जण उतरले. त्यांना पाहणाऱ्या कोळी मंडळींनी हटकलेही, पण उर्मट उत्तराखेरीज हाती काही लागले नाही. त्या दहांच्या पाच जोड्या झाल्या. त्यांतल्या दोन जोड्यांनी आपण बसून आलेल्या टॅक्सींत वेळ लावलेले बॉम्ब ठेवले होते. एक टॅक्सी वाडीबंदरला फुटली, दुसरी थेट विलेपार्ल्याला. आता पार्ल्यात स्फोट, कुलाब्यात गोळीबार, बोरीबंदरला हातबॉम्ब असे एकाच वेळी कानांवर येऊ लागल्यावर हल्लेखोर वीस-पंचवीस असावेत असे कोणी म्हटले, तर त्याला अतिशयोक्ती म्हणवत नाही. ज्याने जे पाहिले ते खरेच होते, बेरीज तेवढी चुकली. पुढे २८ तारखेला सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची आवई उठली, लोक धावत सुटले, आणि घडलेच नव्हते त्या गोळीबाराचेही साक्षीदार तयार झाले. शहराच्या आयुष्यात हे नवे नव्हते. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर मशीद बंदरच्या एका जादा स्फोटाची घोषणा केली होती. तो स्फोट झालाच नव्हता. दंगल उसळू नये म्हणून आपण तसे सांगितले, हे पुढे त्यांनीच उघडपणे मान्य केले. हेतू चांगलाच होता. पण त्या दिवसाचा इतिहास लिहिणाऱ्याला मशीद बंदरची आठवण सांगणारे कोणी भेटले, तर त्याने काय करावे?

आमच्या मते साक्षीदाराला बेरीज विचारू नये. तो कोठे उभा होता, त्याच्या समोर काय होते आणि त्याने काय केले, एवढेच विचारावे. सीएसटीवरचे उद्घोषक विष्णू झेंडे यांची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उपनगरी गाड्यांच्या बाजूला उंचावरच्या कक्षात ते कामावर होते. मेन लाइनच्या बाजूने आवाज आला तेव्हा प्रथम त्यांना तो स्फोट वाटला. मग काचेतून रायफलधारी दिसले. लोकलमधून उतरणारे प्रवासी नेहमीच्या सवयीने पुढच्या दाराकडे, म्हणजे नेमके मृत्यूकडे, चालू लागले होते. झेंडे यांनी हिंदीत आणि मराठीत पुन्हा पुन्हा सांगितले की पुढे येऊ नका, फलाट क्रमांक एकच्या मागील बाजूने बाहेर पडा. एरवी ज्या आवाजाकडे मुंबईकर गाडी किती मिनिटे उशिरा आहे एवढ्यापुरतेच लक्ष देतो, त्या आवाजाचे त्या रात्री लोकांनी ऐकले. हल्लेखोरांनी त्या कक्षाच्या दिशेनेही गोळ्या झाडल्या. किती जण मेले, हल्लेखोर कोण, कोठून आले, यांतले काहीही झेंडे यांना तेव्हा ठाऊक असणे शक्य नव्हते. पण कोणता फलाट, कोणते दार आणि माणसे कोणीकडे चालली होती हे त्यांना अचूक ठाऊक होते. हजारो दिवसांच्या नोकरीने ते त्यांच्या अंगात मुरले होते.

स्थानकावर एकही कॅमेरा नव्हता असे म्हणणे अर्थातच खरे नाही. काही सीसीटीव्ही होते. शिवाय समोरच्या टाइम्सच्या इमारतीतून दोन वृत्तछायाचित्रकार धावत आले होते, सेबॅस्टियन डिसोझा आणि श्रीराम वेर्णेकर. डिसोझा यांनी रेल्वेच्या डब्याच्या आडोशाने टिपलेले अजमल कसाबचे छायाचित्र जगभर गेले. पाठीवर पिशवी, हातात रायफल, चालीत जराही घाई नाही. न्यायालयात त्या छायाचित्रांचे मोल मोठे ठरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढताना या दोघांचे मात्र कौतुक केले. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या प्रसिद्ध छायाचित्रात कसाब एकटाच दिसतो. सामानाच्या गाठोड्यांपाशी पडलेली माणसे, हातगाड्यांवरून जखमींना नेणारे हमाल, मोडक्या थ्री-नॉट-थ्रीने आणि त्याही नसतील तेथे नुसत्या काठीने उभे राहिलेले शिपाई त्याच्या चौकटीबाहेर राहिले. ते पुन्हा आठवणींच्याच वाट्याला आले.

मात्र एक क्षण असा आहे की जो कॅमेऱ्यानेही पाहिला आणि माणसानेही. स्थानकातून निघालेले कसाब आणि इस्माईल खान पुलावरून कामा रुग्णालयाकडे गेले. तेथे सदानंद दाते यांच्या तुकडीशी त्यांची चकमक झाली, दाते जबर जखमी झाले. पुढे रंगभवनाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिसमधून येत होते तिच्यावर त्या दोघांनी गोळीबार केला. तिन्ही अधिकाऱ्यांना रस्त्यावर टाकून त्यांनी गाडी ताब्यात घेतली. मेट्रो सिनेमाच्या चौकात पत्रकार आणि बघ्यांची गर्दी होती. भरधाव क्वालिस आली, तिच्यातून गोळ्या सुटल्या, कॅमेरा थरथरला, माणसे जमिनीवर पडली. काही सेकंदांचे ते चित्रण आपण सर्वांनी पाहिले आहे.

त्याच सेकंदांत गाडीच्या मागच्या भागात शिपाई अरुण जाधव होते. हाताला गोळ्या लागलेल्या आणि अंगावर सहकाऱ्यांचे देह. हल्लेखोरांना मागे सगळे मेले असेच वाटत होते. मध्येच एका सहकाऱ्याच्या खिशातला मोबाइल वाजला आणि पुढून मागच्या दिशेने पुन्हा गोळ्या आल्या. जाधव हलले नाहीत. चाकातली हवा जाऊन गाडी सोडून द्यावी लागली, हल्लेखोरांनी दुसरी मोटार पळवली, तेव्हा कोठे जाधव यांनी बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. बाहेरच्या कॅमेऱ्याला एक पोलिसगाडी दिसली. आतल्या माणसाला फोनचा आवाज, सहकाऱ्यांचे वजन आणि गाडी थांबल्याचा धक्का कळला. या दोन नोंदींपैकी एक निवडायची वेळ आली तर आम्ही तरी दुसरीच निवडू. चित्रफितीत जे नाही तेच तर इतिहासकाराला शोधायचे असते.

अशी आठवण कागदाशी ताडून पाहता येते, हे विनीता कामटे यांनी दाखवून दिले. पतीच्या मृत्यूची सांगोवांगी त्यांना पुरेना. माहितीच्या अधिकाराखाली त्यांनी नियंत्रण कक्षाच्या संभाषणांच्या नोंदी मिळवल्या आणि २००९ मध्ये विनीता देशमुख यांच्यासह ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिले. ते अधिकारी गल्लीत जखमी पडले असताना मदत का पोहोचली नाही, हा त्या पुस्तकाचा बोचरा प्रश्न आहे. शोकाने प्रश्न विचारावेत आणि उत्तरासाठी नोंदवह्या उघडायला लावाव्यात, असे आपल्याकडे क्वचित घडते. आपल्याला हुतात्म्यांच्या तसबिरी अधिक सोयीच्या वाटतात.

खटल्यात सहाशेहून अधिक साक्षीदारांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. त्यांत सीएसटीवर पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी होती. कुबड्यांच्या आधाराने येऊन तिने कसाबला ओळखले. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनीही त्याला ओळखले. वीस गरोदर स्त्रियांना त्यांनी एका लहानशा खोलीत नेऊन दार लावून घेतले होते. २०२२ च्या डिसेंबरात त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. न्यायालयातल्या साक्षीला एक शिस्त असते. विचारले तेवढेच सांगायचे आणि उलटतपासणीला तोंड द्यायचे. दरवर्षी नोव्हेंबरात वाहिन्यांवर जी आठवण सांगितली जाते तिला ती शिस्त नसते; तिला सूत्रसंचालकाला हवा असलेला हुंदका हवा असतो. वर्षानुवर्षे तेच तेच सांगून आठवण गुळगुळीत होते, कोपरे झिजतात, आणि मग कोण्या एकाचे पाहिलेले दुसऱ्याच्या तोंडी येते. म्हणून २००९ मधल्या कोरड्या साक्षी आम्हांला पुढच्या साऱ्या स्मृतिदिनांच्या मुलाखतींहून मोलाच्या वाटतात.

तरीही या साऱ्या साक्षी मुख्यतः मुंबईत सापडलेल्या माणसांच्या आहेत. त्या रात्री पहिले हातबॉम्ब पडले ते मेन लाइनच्या दालनात, आणि तेथे वर्तमानपत्र अंथरून बसलेले लोक मुंबई सोडायलाच आलेले होते. कोणी उत्तर प्रदेशला, कोणी बिहारला, कोणी मराठवाड्यातल्या आपल्या गावी निघालेला. हिंदू होते, मुसलमान होते. मृतांच्या यादीतही दोन्ही आहेत. जे वाचले त्यांतले पुष्कळ जण पुढच्या दिवसांत मिळेल त्या गाडीने निघून गेले. पंचनाम्याला ते थांबले नाहीत, कोणा वार्ताहराला त्यांचा पत्ता माहीत नव्हता. ताजमधून सुटलेल्या पाहुण्यांनी इंग्रजीत लिहिले आणि त्यांच्यावर चित्रपटही निघाले. त्या दालनातल्या माणसांनी जे पाहिले ते त्यांनी आपापल्या बोलीत, आपापल्या अंगणात, घरच्यांना सांगितले असेल.