पोवळ्यांचा नकाशा आणि वैनगंगेचा गाळ

मंडळी, गोंदियात पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी आठवते. ते तांबडं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. आज आपण बोलणार आहोत ते समुद्रात खडक बांधणाऱ्या प्रवाळांबद्दल. काही बेटांभोवती त्यांच्या कितीतरी जाती सापडतात, आणि शेकडो मैलांच्या काही किनाऱ्यांवर जवळजवळ काहीच नाही. असं का?

चार्ल्स डार्विननं १८४२ साली यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला जगाचा नकाशा जोडला. बेट हळूहळू खचतं, प्रवाळ मात्र वर वर बांधत राहतात, आणि शेवटी पाण्यावर नुसतं कडं उरतं, असं त्यानं मांडलं. आपल्या लक्षद्वीपची बेटं अशीच. प्रवाळ वरच का बांधतात? त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, आणि त्याला ऊन लागतं. म्हणून पाणी उबदार, खारं आणि स्वच्छ हवं.

आता आपल्याकडे या. वाघ नदी वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, आणि सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. गोदावरी, कृष्णा, महानदी यांच्या मुखांशी गोडं पाणी आणि गाळ इतका की तिथे प्रवाळभित्ती उभीच राहिली नाही. त्या रिकाम्या जागेत आमगाव-सालेकसाच्या मातीचाही थोडा वाटा आहे!

कोकणातही पावसाळ्यात नद्या समुद्र गढूळ करतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याचं बांधकाम सुरू केलं, त्या सिंधुदुर्गाभोवती प्रवाळ आहेत. पण मोजकेच, बहुतेक गाळ सोसणारे, गोट्यांसारखे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत मात्र आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचं. माथा सुमारे २० मीटर खोल, नदीचा गाळ पोचत नाही. म्हणून तिथे फांद्यांचे नाजूक प्रवाळसुद्धा वाढतात.

इथेच खरी अडचण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. पण देशाचा प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटरच. आंग्रिया बँक त्याच्या कितीतरी बाहेर. १९९८ च्या तापलेल्या पाण्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, मोठ्या प्रमाणावर मेले. समुद्र तापतोच आहे. निदान जाळी, नांगर आणि खोदकाम तरी आपल्या हातात आहे. किनाऱ्यालगत जे प्रवाळ नद्यांमुळे टिकत नाहीत, ते आपल्या बाजूला तिथेच आहेत. तिथून गेले, तर महाराष्ट्राजवळ त्यांना दुसरी जागा नाही.