नळीची पातळ बाजू

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती आला, की विद्यार्थी नळीचा बाह्य व्यास मोजतात, आतला व्यास मोजतात, वजाबाकी करून दोनाने भागतात आणि भिंतीची जाडी वहीत लिहितात. आपण त्यांना पूर्ण गुणही देतो. पण हे उत्तर नळीच्या टोकाचे असते, आणि तेही सरासरी. सहा मीटर लांब नळीच्या मध्यावर, जिथे कॅलिपरचे जबडे पोचत नाहीत, तिथे भिंत किती जाड आहे? नळ्या बनविणाऱ्या कारखान्यांना या प्रश्नाने अर्धशतकाहून अधिक काळ छळले.

प्रश्न तीव्र झाला तो एका सुंदर शोधामुळे. जर्मनीत रेमशाइड येथे राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या बंधूंनी १८८५-८६ च्या सुमारास पोलादाच्या भरीव, तापून लाल झालेल्या दांड्यापासून थेट बिनजोड नळी करण्याची रीत शोधली. तिरपे बसविलेले दोन रूळ दांड्याला गरगर फिरवीत पुढे ढकलतात. त्या पिळवटीने दांड्याचा गाभा सैल होतो आणि समोर रोखून धरलेल्या टोकदार पहारीवर चढत दांडा पोकळ होत जातो. जोडच नाही, तेव्हा जोड उसवण्याची भीती नाही. बाष्पित्रांना नेमकी अशी नळी हवी होती. मात्र दांडा सर्व अंगांनी सारखा तापलेला नसेल किंवा पहार किंचित कलली, तर भोक मध्यावरून सरकते. बाहेरून नळी अगदी गोल दिसते, पण तिची एक बाजू पातळ असते.

वर्गात हा हिशोब जरूर करून पाहावा. बाह्य व्यास ६० मिलिमीटर आणि भिंत ४ मिलिमीटर असलेल्या एक मीटर पोलादी नळीचे वस्तुमान सुमारे साडेपाच किलोग्रॅम भरते. आता भोक एक मिलिमीटर सरकले असे समजू. एका बाजूला भिंत ३ मिलिमीटर उरली, समोर ५ झाली, आणि वस्तुमान? तेवढेच! नळी तोलून जाडी काढण्याची पद्धत इथे निरुपयोगी ठरते. बार्लोच्या सूत्राप्रमाणे नळीची दाब सोसण्याची क्षमता भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात असते, म्हणजे आपल्या नळीची क्षमता पाऊणपटीवर आली. नळीत पाणी भरून दाब देण्याची चाचणी होती, पण ती नळी आज फुटत नाही एवढेच सांगते. पुढे गंजून झिजायला धातू किती शिल्लक आहे, याबद्दल ती गप्प असते.

धातूच्या आत पाहण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरावा, ही कल्पना १९२८ साली लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी मांडली. एका बाजूने ध्वनी सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला तो किती पोचला ते पाहायचे. मध्ये भेग असेल तर तिची सावली पडते. ही सावली भेग आहे हे सांगते, ती किती खोलवर आहे हे सांगत नाही. शिवाय नळीच्या आत ग्राहक बसवायचा कसा?

उत्तर प्रतिध्वनीत होते. समोरच्या कड्यावरून आपली हाक परत यायला किती वेळ लागला, यावरून कड्याचे अंतर काढता येते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे फ्लॉइड फायरस्टोन यांनी नेमके हेच पोलादात केले. १९४० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४२ मध्ये ते मिळाले. त्यांच्या यंत्राचे नाव होते ‘सुपरसॉनिक रिफ्लेक्टोस्कोप’. सुपरसॉनिक म्हटले की आज विमान आठवते, तेव्हा मात्र श्राव्यातीत ध्वनीलाही तोच शब्द लावीत. इंग्लंडमध्ये डोनाल्ड स्प्रूल यांनी त्याच युद्धकाळात स्वतंत्रपणे असेच उपकरण बनविले.

पोलादात अनुतरंगांचा वेग मिलिसेकंदाला सुमारे ५.९ मीटर असतो. आपल्या नळीची ४ मिलिमीटर भिंत ओलांडून परत यायला ध्वनीला १.३६ मायक्रोसेकंद लागतील, ३ मिलिमीटरच्या बाजूला १.०२. इथेच घोडे अडले. कडा अगदी जवळ असेल तर आपली हाक संपण्यापूर्वीच प्रतिध्वनी येतो आणि तीत बुडून जातो. सुरुवातीच्या यंत्रांचे पातळ भिंतींच्या बाबतीत तसेच झाले.

त्यामुळे जाडी मोजण्याचे काम काही काळ दुसऱ्याच युक्तीकडे गेले. माठ घेताना आपण टिचकी मारून नाद ऐकतो, तीच ही युक्ती, संस्पंदनाची. जनरल मोटर्समधील वेस्ली अर्विन यांनी १९४० च्या दशकात ‘सोनिगेज’ हे असे उपकरण तयार केले. ध्वनीची वारंवारता बदलत न्यायची. भिंतीची जाडी अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली की भिंत जोराने कंप पावते. आपल्या नळीची जाड भिंत ७४० किलोहर्ट्‌झच्या आसपास, तर ३ मिलिमीटरची बाजू ९८० च्या आसपास साद देईल.

पुढे स्पंद अधिक आखूड झाले, आणि नळी पाण्यात बुडवून तपासू लागले. आमच्या मते पाण्याची युक्ती सर्वांत मोलाची. ध्वनी हवेतून धातूत जवळजवळ शिरतच नाही, पाण्यातून पुरेसा शिरतो. शिवाय पाण्यातल्या प्रवासात मूळ हाक संपून जाते. मग बाहेरच्या आणि आतल्या पृष्ठभागांवरून आलेल्या दोन प्रतिध्वनींमधला वेळ तेवढा मोजायचा. नळी फिरत पुढे सरकते, किंवा नळी नुसती सरकते आणि प्रेषक तिच्याभोवती फिरतात. दोन्ही रीतींत मळसूत्रासारखी वाट काढत सगळी भिंत तपासली जाते. भेगांसाठी ध्वनी तिरपा सोडतात. पाण्यातून १९ अंशांनी आलेला किरण स्नेलच्या नियमाने पोलादात सुमारे ४५ अंशांचा अवतरंग होतो आणि भिंतीच्या आत उसळ्या घेत नळीला वळसा घालतो. अनुतरंग साडेचौदा अंशांनंतरच नाहीसा झालेला असतो. प्रकाशाचे अपवर्तन शिकवताना हे उदाहरण कामी येईल.

हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये १९७० च्या दशकापासून अणुइंधनासाठी झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या बनतात. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांसाठी त्यांची भिंत जेमतेम ०.४ मिलिमीटर असते, आणि किरणोत्सर्गी इंधन व पाणी यांच्यामध्ये तेवढीच भिंत असते. ध्वनीची तिथली ये-जा मायक्रोसेकंदाच्या सहाव्या भागात संपते. अशी प्रत्येक नळी श्राव्यातीत ध्वनीने तपासली जाते. यंत्राची पारख करायला एका नमुना नळीवर मुद्दाम बारीक खाचा पाडलेल्या असतात. त्याहून मोठा प्रतिध्वनी देणारी नळी बाद.

पण बाद करणे म्हणजे चूक उशिरा कळणे. तापलेल्या नळीला पाण्यात बुडविता येत नाही, म्हणून पहार कलल्याचे नळी थंड होईपर्यंत समजत नसे. या शतकाच्या आरंभी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील शास्त्रज्ञांची लेसर पद्धत अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टिमकेन कंपनीच्या कारखान्यात बसविण्यात आली. एका लेसरचा झटका लाल नळीच्या पृष्ठभागावर ध्वनी निर्माण करतो, दुसरा लेसर परत आलेले कंपन टिपतो. तापलेल्या पोलादात ध्वनी मंदावतो, म्हणून तापमानही सोबतच मोजावे लागते. त्यामुळे भोक सरकले असेल तर नळी लाल असतानाच ते कळते, आणि पुढचे दांडे आत जाण्यापूर्वी रूळ व पहार सावरून घेता येतात.