नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या पहिल्या तानाबाताला पाऊस होता. तोक्योच्या पूर्वेकडच्या निशिकासाईत आम्ही राहतो. लेक जिथे जाते त्या पाळणाघरातून आठवडाभर आधी कागदाची एक रंगीत पट्टी घरी आली होती. तिच्यावर इच्छा लिहायची आणि ती पट्टी बांबूच्या फांदीला बांधायची. आकाशगंगेच्या एका काठावर विणकरीण ओरिहिमे, दुसऱ्या काठावर गुराखी हिकोबोशी. वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, त्यांची भेट होते. पाऊस आला तर आकाशगंगेला पूर येतो आणि भेट चुकते. ७ जुलैच्या संध्याकाळी कागदाच्या पट्ट्या भिजून बांबूला चिकटल्या. मी बाईंना म्हटलं, वाईट झालं. त्या हसून म्हणाल्या, "बहुतेक वर्षी असंच होतं."

मला हे पटेना. जो सण आकाशात तारे दिसण्यावर उभा आहे, तो कोणी ऐन पावसाळ्यात का ठेवेल? जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे, तोक्योत 'त्सुयु' म्हणजे इथला पावसाळा असतो. दीड हजार वर्षं शेती करणाऱ्या माणसांना हे माहीत नव्हतं?

माहीत होतं. सण त्यांनी बरोबरच ठेवला होता. तो हलवला सरकारने.

१८७२ पर्यंत जपानचं पंचांग आपल्यासारखंच होतं. महिने चंद्राचे, मेळ सूर्याशी आणि तो जमवायला अधूनमधून अधिक महिना. ९ डिसेंबर १८७२ला मेजी सरकारने हुकूम काढला की हे पंचांग बंद. जुन्या बाराव्या महिन्याचे फक्त दोन दिवस झाले आणि तिसरा दिवस उजाडला तो १ जानेवारी १८७३ म्हणून. लोकांच्या हातात तयारीला जेमतेम तीन आठवडे होते. युरोप-अमेरिकेशी व्यवहार सोपा व्हावा हे वरचं कारण. आतलं कारण तेव्हा खजिना सांभाळणाऱ्या ओकुमा शिगेनोबु यांनीच पुढे सांगून ठेवलंय: पगार नुकते महिन्याच्या हिशेबाने सुरू झाले होते आणि येणाऱ्या वर्षात अधिक महिना होता. म्हणजे तेरा पगार. पंचांग बदललं की तेरावा पगार वाचला आणि दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही वाचला. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येतं. आमच्याकडेही मोठे बदल पुष्कळदा वर्षअखेरीस आणि खर्चाच्या तक्त्याकडे बघूनच होतात.

लगेच जानेवारी १८७३मध्ये पाच जुने ऋतुसण सरकारी यादीतून गेले. तानाबाता त्यातलाच एक. त्यांच्या जागी सम्राटाचा वाढदिवस वगैरे नवे दिवस आले. लोकांनी सण सोडले नाहीत, पण प्रत्येक गावाने आपापला तोडगा काढला. काहींनी आकडा धरला: सात-सात, म्हणजे ७ जुलै. काहींनी ऋतू धरला आणि सण सरळ एक महिना पुढे नेला. सेन्दाईचा मोठा तानाबाता अजून ६ ते ८ ऑगस्टला होतो. ओबोनचंही तेच. पितर घरी येतात तो सण तोक्योत बऱ्याच ठिकाणी जुलैच्या मध्याला, बहुतेक देशात ऑगस्टच्या मध्याला आणि ओकिनावात अजून जुन्या तिथीला.

मग जुनी सात-सात आपल्या पंचांगात कुठे पडते? मी कालनिर्णय काढून बसले. त्यांचा सातवा महिना म्हणजे बहुतेक वर्षी आपला श्रावण. राष्ट्रीय खगोलीय वेधशाळा दरवर्षी 'परंपरागत तानाबाता'ची तारीख जाहीर करते. २०२३ला २२ ऑगस्ट, आपली नागपंचमी २१ला. २०२४ला १० ऑगस्ट, नागपंचमी ९ला. दोन्ही वर्षी नागपंचमीचा दुसरा दिवस. (नेहमी जुळत नाही. २०२५मध्ये त्यांचा अधिक महिना आपल्या आधी पडला आणि त्यांची सप्तमी थेट गणपतीत आली.) त्याहून गंमत म्हणजे हिकोबोशीचा तारा आपल्याकडे 'श्रवण' म्हणून ओळखला जातो. श्रावणी पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो ते हेच, महिन्याचं नावच त्यावरून. ओरिहिमे म्हणजे अभिजित. म्हणजे तोक्योतला गुराखी हा आमच्या महिन्याचा मालक निघाला.

हे सगळं मी इतकं मनाला का लावून घेतलं, तर नागपंचमी हा माहेरचा सण आहे म्हणून. माझं माहेर हिवरे बाजार, नगरपासून जवळच. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, शेतात नांगर घालायचा नाही. पुरणाचे दिंड उकडायचे, हातावर मेंदी, आणि झोका. लेकी माहेरी येतात. ओरिहिमेची वर्षातून एक भेट असते, तशीच आमची.

पण लेकीने यायचं तर गाव असावं लागतं. १९७२च्या दुष्काळानंतरची वर्षं आजीने पाहिली. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं गाव. विहिरी आटल्या, डोंगर बोडका झाला, माणसं कामासाठी बाहेर पडली. आजी सांगते, तेव्हा झोका बांधायला धड फांदी नव्हती आणि पाहुणी आली की तिच्या वाटणीचा हंडा कुठून आणायचा हा घोर असायचा. १९८९च्या शेवटी पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर डोंगरावर चर खणले गेले, बंधारे झाले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई, उसासारख्या तहानलेल्या पिकाला मनाई. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा: किती पडलं, किती मुरलं, प्यायला किती, मग रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. देशभरातून लोक हे बघायला येतात आणि बंधाऱ्यांचे फोटो काढतात. मला विचाराल तर कुऱ्हाडबंदीचा हिशेब झोक्यांतही मांडायला हवा.

आपल्याकडेही पंचांग बदलायचा प्रयत्न झाला होता. मेघनाद साहा यांच्या समितीने केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७पासून लागू आहे, आकाशवाणीवर ऐकू येते, राजपत्रावर छापली जाते. सणांना मात्र कोणी हात लावला नाही. नागपंचमी शुद्ध पंचमीलाच राहिली. जपानच्या बदलानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७३मध्ये, जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं. एकाच चौकोनात तारीख आणि तिथी, दोघींनाही जागा.

निशिकासाईत मात्र तिसरंच पंचांग चालतं. दोन हजार सालच्या संगणकीय घोळाची तयारी म्हणून भारतातून इंजिनिअर मागवले गेले, तेव्हापासून इथे आपली वस्ती वाढली. २०१९मध्ये योगेंद्र पुराणिक इथल्या एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर निवडूनही आले. गणपती, दिवाळी, हळदीकुंकू, सगळं शनिवारी किंवा रविवारी, सभागृह मिळेल तसं. मी तक्रार करत नाही, मीच दोनदा सभागृहासाठी अर्ज भरलाय. पण लेकीला वाटतं की गणपती शनिवारी येतो, जसा तानाबाता पावसात येतो. आणि नागपंचमीला सुट्टी मागायची तर कारण काय लिहायचं?

२०२४ने ते सोडवलं. ओबोनला सरकारी सुट्टी नाही, पण ऑगस्टच्या मध्याला कंपन्या बंद असतात. २०१६पासून ११ ऑगस्टला 'पर्वत दिन' आहे, त्यामुळे सुट्टी आणखी लांबते. मेजी काळात गावोगावच्या लोकांनी पितरांचा सण महिनाभर पुढे ढकलून ऋतूत ठेवला, म्हणून ही सुट्टी ऑगस्टात आहे, म्हणजे बऱ्याचदा आमच्या श्रावणात. शुक्रवारी नागपंचमी, शनिवारपासून सुट्टी. मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि पंचमीला दुपारी घरी पोचले. आई म्हणाली, "आलीस गं बाई." दिंड ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी रात्री गच्चीवर गेलो. श्रावण असला तरी आमच्याकडे पाऊस असा रोज कुठे पडतो. ढग विरळ होते. डोक्यावर अभिजित, जरा खाली दक्षिणेकडे श्रवण. लेकीने विचारलं, ते भेटले का? आजी म्हणाली, "कोण?" मग मी तिला विणकरणीची गोष्ट सांगितली. तिने पूर्ण ऐकली आणि विचारलं, "अन् सासरचे वर्षातून एकदाच सोडतात होय तिला?"

२०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. नागपंचमी १७ ऑगस्टला, सोमवारी. ओबोन १६ला संपतो. रजेचा अर्ज मी टाकून ठेवलाय, कारणाच्या रकान्यात 'तानाबाता' लिहून.