व्हॉल्व परळचा, विश्रांती मालवणची

व्हॉल्वच्या ऑपरेशनचा काळ व्रणावरून सांगता येतो. डाव्या छातीखालून बरगड्यांच्या फटीने पाठीकडे वळलेला व्रण असेल, तर ऑपरेशन जुन्या पद्धतीचं. धडधडत्या हृदयात सर्जनने बोट घातलं आणि चिकटलेली झडप त्या बोटाने मोकळी केली. गळ्याच्या खळगीखालून सरळ खाली उतरलेली रेघ असेल, तर छातीचं मधलं हाड चिरून, हृदय थांबवून, रक्त मशीनवर फिरवून केलेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला हे दोन्ही व्रण ओळखीचे आहेत. ते झाले दुसरीकडे. भरून आले ते इथल्या घरांत, पडवीतल्या बाकड्यावर नाहीतर माजघरातल्या खाटेवर, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या देखरेखीखाली. ऑपरेशनचा इतिहास सर्जनांच्या नावांनी लिहिला जातो. नंतरच्या सहा-आठ आठवड्यांचा कुणी लिहून ठेवलेला नाही.

दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा लहानपणातलं. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं विसरलं जातं. या संधिवाती तापाने हृदयाच्या झडपांवर केलेला घाव वर यायला दहा-वीस वर्षं लागतात. बायकांमध्ये तो जास्त, आणि पुष्कळदा पहिल्या बाळंतपणातच उघडकीला येणारा. जिना चढताना धाप लागते, रात्री उठून बसावं लागतं. घरची माणसं ‘अशक्तपणा’ म्हणून महिनोन्महिने काढतात.

त्या झडपेला हात लावायचं धाडस जगातही उशिरा झालं. १९२३ साली बोस्टनमध्ये एलियट कटलर यांनी, १९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी प्रयत्न केले, पण पुढची वीसेक वर्षं तो नाद सगळ्यांनी सोडला होता. १९४८ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांना यश आलं. त्यांची पेशंट चोवीस वर्षांची गृहिणी होती, आणि ऑपरेशनला आठवडा होतो न होतो तोच तिला आगगाडीने शिकागोच्या डॉक्टरांच्या परिषदेत नेऊन उभं केलं गेलं. लगेच बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनीही हेच करून दाखवलं. त्यांच्याच चार पेशंटनी १९५१ मध्ये ‘मेंडेड हार्ट्स’ ही संस्था काढली. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी ज्यांचं व्हायचंय त्यांना, आणि त्यांच्या घरच्यांना, भेटून धीर द्यायचा, एवढंच तिचं काम. टाके निघाल्यावर पेशंट एकटा पडतो, हे डॉक्टरांच्या आधी पेशंटांनाच कळलं होतं.

मुंबईत हे काम रुजलं ते परळच्या के.ई.एम.मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या हाताखाली. १९६८ च्या फेब्रुवारीत देशातलं पहिलं हृदयरोपण याच सेनांनी केलं. तो पेशंट काही तासच जगला, पण सेनांचं नाव वर्तमानपत्रांतून घरोघर गेलं. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यांच्या विभागाचा खरा उपयोग रोजच्या, साध्या व्हॉल्वच्या ऑपरेशनांचा होता.

आणि परळ त्याच्या ओळखीचं होतं. १९२६ साली हे हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा भोवती गिरण्यांच्या चिमण्या होत्या आणि त्या चिमण्यांखाली निम्मं कोकण राहत होतं. चाकरमानी लालबाग-परळच्या चाळीत, बायको-मुलं गावाला, महिन्याला मनीऑर्डर. गावच्या मंडळाचे गाळे असत. एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळ. मालवणहून आलेल्या पेशंटला हॉस्पिटलच्या गेटपासून दहा मिनिटांवर आपलं कुणीतरी सापडे; रक्ताची बाटली लागली तर मंडळातली चार पोरं उभी राहत. आजच्या भाषेत जिला ‘सपोर्ट सिस्टीम’ म्हणतात ती या माणसांना गिरणीच्या भोंग्याबरोबर मिळालेली होती. जे. जे. हॉस्पिटलच्या बाजूला पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधून घ्यावी लागते हे गाडगे महाराजांनी ओळखलं; परळला कोकणवाल्यांची धर्मशाळा म्हणजे गाळाच.

मात्र गाळ्यात बायकांना जागा नव्हती. पेशंट बायको असेल तर नवऱ्याला बिऱ्हाड असलेल्या नातेवाइकाच्या दारात जावं लागे. पहिली पाळी संपवून तो चारच्या भेटीच्या वेळेला वॉर्डात पोचे. पेशंट नवरा असेल तर बायको गावाहून येई, पुष्कळदा मुंबई पहिल्यांदाच बघत. वर्षभरातून गणपती आणि शिमग्याला भेटणारी कित्येक जोडपी आजारपणामुळेच सलग दोन-तीन महिने एका छपराखाली राहिली असणार. कोकणातल्या संसाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ही गोष्ट त्यात कुठे दिसत नाही.

मग परतीचा प्रवास. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायची, पण धक्क्याला लागायची नाही. ती खोल पाण्यात नांगर टाके आणि उतारू पडावात उतरून किनारा गाठत. लाटेवर वर-खाली होणाऱ्या पडावात पाऊल टाकताना धडधाकट माणूस कुणाचा तरी हात धरतो. इथे बरगड्यांमधला टाका ओला. पावसाळ्यात बोटवाहतूक बंद. म्हणजे जूनमध्ये ऑपरेशन झालेल्याने एक तर नारळी पौर्णिमा मुंबईत काढायची किंवा एस.टी.च्या मागच्या चाकावरच्या सीटवर घाट सोसायचा. कोकण रेल्वे सलग धावू लागली २६ जानेवारी १९९८ ला. तिचं स्वप्न पाहणारे या भागाचे खासदार नाथ पै १९७१ साली बेळगावात हृदयविकारानेच गेले. किनाऱ्यावरच्या हृदयाच्या पेशंटला आडवं होऊन गावी जाता येऊ लागलं ते त्यांच्यानंतर सत्तावीस वर्षांनी.

दरम्यान ऑपरेशन बदललं होतं. १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यात गोटी असलेला व्हॉल्व बसवला. या उद्योगात त्यांचे भागीदार लॉवेल एडवर्ड्स म्हणजे एक निवृत्त इंजिनीअर. परदेशी व्हॉल्वची किंमत इथल्या माणसाला झेपणारी नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. वलियाथन यांच्या चमूने तीन नमुने फसल्यावर चौथा उभा केला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. धातूचा व्हॉल्व वाजतो. दिवसा कळत नाही, पण रात्री लाइट गेली, पंखा थांबला की शेजारी झोपलेल्याला बारीक टिकटिक ऐकू येते. पहिले काही दिवस ती झोप उडवते. नंतर तीच ऐकू आल्याशिवाय बायकोला झोप लागत नाही.

छातीचं चिरलेलं हाड तारेने बांधलेलं असतं. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला तीनेक महिने. तोवर चार-पाच किलोंच्या वर उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. डिस्चार्ज कार्डावर हे एका ओळीत मावतं. मालवणी घरात त्याचा अर्थ लांबलचक होतो. रहाटावर पाणी काढायचं नाही, कारण कळशी भरली की दहा किलोंच्या पुढे जाते. नारळ सोलायचा नाही, कोयत्याने फाटी फोडायची नाहीत. आणि रापण लागली तरी किनाऱ्यावर नुसतं उभं राहायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. रापणीच्या जाळ्याचा दोर वीस-तीस माणसं मिळून ओढतात, हात लावणाऱ्याचा वाटा असतो, आणि ओळीतला एक हात कमी झाला की तो सगळ्यांना दिसतो. पेशंट घरात थांबतो तो दुखतंय म्हणून कमी, लाज वाटते म्हणून जास्त.

खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. उठताना हातावर जोर द्यायचा नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग सोबतच्याने पाठीमागून आधार द्यायचा. काखेत हात घालून ओढायचं नाही, हे सोबतच्याला शिकवावं लागतं, कारण मायेचं माणूस पहिल्यांदा तेच करतं. जमिनीवरचं अंथरूण आठ आठवडे बंद. गाडीतून येताना खड्ड्यांच्या रस्त्यावर हीच उशी छाती आणि सीटच्या पट्ट्याच्या मध्ये. श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोट्यांचं प्लास्टिकचं यंत्र तासातासाने श्वासाने ओढायला लावायचं. पेशंट टाळाटाळ करतो. त्याच्या मागे लागणं हेही कामच.

खाण्याचं पथ्य त्याहून अवघड. उकड्या तांदळाची पेज हे किनाऱ्यावरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं आजारपणातलं अन्न आणि ते चालतं. पेजेबरोबरचं चालत नाही. सुका बांगडा, सुकट, खारातली कैरी, पापड, सगळ्यांत मीठ, आणि मिठाने अंगात पाणी साठतं. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला तो याच किनाऱ्यावर. इथे मीठ कमी करा म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. रोज सकाळी वजन करायचं. दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर डॉक्टरला फोन.

धातूच्या व्हॉल्वबरोबर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची लागते. १९३० च्या दशकात अमेरिकेत सडका चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरत होत्या. त्याच्या कारणाच्या शोधातून हे औषध निघालं, १९४८ मध्ये उंदीर मारायला विकलं गेलं आणि १९५४ पासून माणसाला. आपल्याकडे त्याच्या जातीचं ‘ॲसिट्रॉम’ जास्त चालतं. रक्त किती पातळ झालं ते आय.एन.आर. नावाच्या आकड्यावरून कळतं. मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या जागी बसवलेल्या धातूच्या व्हॉल्वला तो साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान लागतो. आणि त्या आकड्याला पालेभाजी हलवते, कारण पाल्यातलं ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. पावसाळा सुरू झाला की परड्यात टाकळा, अळू उगवतं. गोकुळाष्टमीला तर शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या ठरलेल्याच. ‘पालेभाजी बंद’ असं सांगून मोकळं होणारे आहेत. ते चुकीचं आहे. खावी, पण रोज सारखी, आणि गोळी ठरल्या वेळेला. एका दिवसात तीन वाट्या आणि मग आठवडाभर नाही, हे नको. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून वेदनेची गोळी किंवा कुणी सांगितलं म्हणून काढा, हेही डॉक्टरला विचारूनच.

गावात आजारी माणसाला बघायला जाणं हा धर्म आहे. डिस्चार्ज होऊन आल्यावर आठवडाभर ओटीवर माणसं मावत नाहीत. प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर शहाळं, आणि प्रत्येकाला ओळखीतला कुणीतरी याच ऑपरेशनात गेलेला आठवतो. पाणी मोजून प्यायचं असतं, काही गोळ्यांबरोबर शहाळ्यातलं पोटॅशियमही जपावं लागतं. पण ते नाकारायचं कसं? सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवणारी बायको गावात आगाऊ ठरते. ठरू दे. ऑपरेशनआधी ग्रामदेवतेला कौल लावला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं, ‘व्हय महाराजा’च्या गजरात नवस बोलला जातो. त्याला हरकत घ्यायचं कारण नाही, नवस फेडायला डोंगर चढायची घाई केली नाही म्हणजे झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेशंट उगाच रडतो, चिडतो, नावं विसरतो. भूक जाते. ऑपरेशन फसलं की काय, अशी भीती घरच्यांना वाटते. बहुतेकांचं हे आपोआप निवळतं. धाप वाढणं, ताप, जखमेतून पाणी येणं मात्र थांबण्यासारखं नाही, आणि बोलताना जीभ जड होणं किंवा हातापायातली ताकद जाणं तर मुळीच नाही. तेव्हा ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

हॉस्पिटल आता पूर्वीइतकं लांब नाही. सिंधुदुर्गचे पेशंट वर्षानुवर्षं गोव्यात बांबोळीला जातात. तिथलं मेडिकल कॉलेज १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेचं वारस. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्यांना तिथे शुल्क लागू झालं आणि दोडामार्गात लोक रस्त्यावर आले. २०२१-२२ पासून ओरोसला जिल्ह्याचं स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. व्हॉल्वचा खर्च सरकारी योजनेत बसतो. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गासह राज्यभर आली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तिच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन, खाट, औषधं, पेशंटचं जेवण आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी होती. घरी परतायला एस.टी.चं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही होतं, एका माणसाचं, फक्त पेशंटचं. त्याची उशी धरून शेजारी बसणाऱ्याने आपलं तिकीट आपणच काढायचं होतं.