पम्पा नदी ते घरातली काचपेटी: वाटाण्याएवढ्या पफरचा इतिहास

उदगीर म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात एकच गोष्ट येते: १७६०, सदाशिवरावभाऊ आणि निजामाचा पराभव. आजचा भाग मात्र लढाईचा नाही, जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या एका माशाचा आहे. रील्समध्ये तुम्ही त्याला पाहिलं असेल. पिवळसर-हिरवं अंग, त्यावर काळे ठिपके, आणि दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरवत काचेपाशी येऊन आपल्याकडे टक लावून बघणारा. दुकानातलं नाव 'पी पफर', म्हणजे वाटाण्याएवढा पफर. नाव इंग्रजी दिसलं की आपण धरूनच चालतो की माल परदेशी असणार. तसं नाही. हा मासा आपल्याच देशातला, पश्चिम घाटातल्या नद्यांचा.

शास्त्राच्या वहीत त्याचं नाव चढलं ते १९४१ मध्ये. तेव्हा केरळ राज्य नव्हतं, त्रावणकोर संस्थान होतं. तिथल्या पम्पा नदीतला हा मासा सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी नवी जात म्हणून नोंदवला आणि संस्थानावरूनच नाव दिलं, 'ट्रॅव्हनकोरिकस'. शबरीमलाला जाणारे भाविक ज्या पम्पेत स्नान करतात, तीच ही नदी. नदीकाठच्या लोकांनी हा मासा आधी पाहिला असणारच. कागदावर तो यायला १९४१ उजाडलं इतकंच.

हे होरा कोण? भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले मोठे मत्स्यशास्त्रज्ञ, पुढे तिचे संचालक झाले. त्यांना एक कोडं छळत होतं. केरळच्या नद्यांतल्या काही माशांचे जवळचे नातेवाईक थेट मलाया, बोर्निओकडे सापडतात. मधल्या भागात नाहीत. हे कसं? १९४० च्या दशकात होरांनी मांडलं की हे मासे कधीकाळी सातपुड्याच्या डोंगररांगेच्या आधाराने पश्चिम घाटापर्यंत आले असावेत. म्हणजे त्यांचा रस्ता आपल्या महाराष्ट्राच्या डोक्यावरून गेला! आज डीएनएच्या अभ्यासानंतर हा सिद्धांत जसाच्या तसा कुणी मानत नाही. पण कोडं खरं आहे. आपल्या पफरचे बरेचसे भाऊबंद आजही आग्नेय आशियातच आहेत.

आता नदीतला मासा काचेत कसा आला? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि पाठोपाठ घरात काचपेटी ठेवायची टूम निघाली. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं १९५१ मध्ये. शाळेच्या सहलीला तिथे गेलेल्या कितीतरी पोरांनी घरी येऊन फिशटँकचा हट्ट धरला असेल. आपल्याकडे लातूर-नांदेडला मात्र शोभेच्या माशाची पहिली ओळख बहुतेक वेळा आरोग्य खात्याने करून दिली. डासांच्या अळ्या खायला हौदात सोडलेले गप्पी मासे आठवतात ना?

शौक वाढला तसा बाजार वाढला. बाजारात ज्याला सरसकट एकच 'इंडियन पफर' म्हणत, त्यात दोन जाती आहेत हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं. दुसरी जात पहिल्यासारखी इतकी हुबेहूब, की तिचं नावच ठेवलं 'इमिटेटर', म्हणजे नक्कल करणारा. आणि मग आला खरा धक्का. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे मिळून १५ लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे परदेशी गेले. त्यात मोठा वाटा असलेल्या मोजक्या जातींमध्ये आपला पफर आहे.

त्याच यादीत वरच्या क्रमांकावर एक मराठी मुलखातला मासाही आहे: पट्टेरी अंगाचा झेब्रा लोच. कोल्हापूरकडच्या, कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांतला. योगायोग बघा, पफरसारख्याच त्यालाही गोगलगायी आवडतात. आणि कृष्णेचं पाणी आपल्याला परकं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला आली, पहिल्याच खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन, ते पाणी कृष्णेचंच. दुसऱ्याच्या नदीवर जगणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला सांगावं लागत नाही.

म्हणून पफर पाळायचा विचार असेल तर हा इतिहास डोक्यात ठेवा. बाजारात येणारे बरेचसे पफर आजही नदीतूनच पकडलेले असतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा: टाकीत वाढवलेला आहे का, की पकडून आणलेला? घरच्या टाकीत, शेवाळी वनस्पतीत हा मासा अंडी घालतो. पिल्लं वाढवणारे हौशी लोक आहेत.

एका माशाला वीसेक लिटरची टाकी, भरपूर झाडं. समुद्री पफरसारखं मीठ घालायचं नाही, हा गोड्या पाण्याचा मासा. टाकी भरून, फिल्टर चालू करून निदान महिनाभर तयार होऊ द्या, कारण विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. याच्या अंगावर खवले नाहीत, अमोनिया त्याला लगेच बाधतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच वापरा. सुकं खाणं तो बहुधा नाकारतो. छोट्या गोगलगायी, गोठवलेल्या अळ्या लागतात. दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, तेव्हा त्यांच्यासोबत ठेवू नका.

आणि पाणी? आठवड्याला पाच लिटर बदललं तरी पुरतं. काढलेलं पाणी तुळशीला घाला, कढीपत्त्याला घाला. दुष्काळी मुलखात कुणी बोट दाखवायचं कारण नाही.

सांभाळणं जमणार नसेल, तर रील बघून हौस भागवा. नदीत एक मासा शिल्लक राहील. भाग आवडला तर मित्रांना पाठवा, विशेषतः ज्याच्या घरी नवी टाकी येतेय त्याला. भेटू पुढच्या भागात!