कड्यावरून कोसळल्यानंतरचा ‘वीरधवल’

निफाडला वाढलेल्या माणसाला एकोणिसावे शतक आधी भेटते ते न्यायमूर्ती रानड्यांच्या रूपाने. १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे इथे जन्मले, याचा आम्हां गावकऱ्यांना सार्थ अभिमान आहे. मराठी ग्रंथकारांना १८७८ साली पुण्यात एकत्र आणणाऱ्यांत लोकहितवादींबरोबर तेही होते. त्यामुळे वाङ्मय म्हणजे समाजसुधारणेचे साधन, हा संस्कार माझ्यावर लहानपणीच झाला. ‘वीरधवल’सारख्या कादंबऱ्या वाचायच्या त्या लपून.

आपल्या वाङ्मयेतिहासानेही तीच शिस्त पाळली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला (१८५७) विधवांच्या दुःखामुळे मानाचे पान मिळाले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांची बोळवण ‘अद्भुतरम्य’ या एका शब्दावर झाली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात युरोपीय कादंबरीचे माप लावून या पंथाचा कठोर हिशेब केला. हिशेब बराचसा रास्त होता. रेनॉल्ड्सच्या भाषांतरांचा आणि रूपांतरांचा तेव्हा सुळसुळाट होता, आणि त्यातले पुष्कळ लेखन आज वाचवत नाही.

तरी राजवाड्यांच्या निबंधानंतर अकरा वर्षांनी, १९१३ साली, ‘वीरधवल’ आली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. रहस्य, प्रेम, अंधाऱ्या वाटा, शौर्य, सगळे जुनेच सामान. मग ही कादंबरी का टिकली?

उत्तर शोधताना मला लेखकाचे आयुष्य बाजूला ठेवता आले नाही. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२. मुंबईत तोफांच्या कारखान्यात नोकरी, शिकारीचा नाद. १९०५ साली शिकारीसाठी गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. वय तेवीस. पुढे रुग्णालयातला दीर्घ मुक्काम, आणि तिथे वाचनाची लागलेली गोडी. १९०८ मध्ये पहिली कादंबरी ‘प्रेमवेडा’, पाठोपाठ ‘सावळ्या तांडेल’.

‘वीरधवल’ हे आत्मचरित्र आहे, असे मी म्हणत नाही. असली जुळवाजुळव समीक्षेत फार स्वस्त झाली आहे. पण धावणारा, लढणारा, संकटातून पार होणारा नायक ज्याने रंगवला, त्याला स्वतःला उभे राहता येत नव्हते, हे कळल्यावर ‘पलायनवादी’ हा शिक्का मारताना माझा हात अडखळतो. पलायन कुणी, कुठून करायचे? आज आघातातून सावरण्यावर पुष्कळ लिहिले जाते. तेव्हा मराठीत त्याला वेगळे नावही नव्हते. या माणसाने केले ते इतकेच, की रोज लिहिले.

आणि तो अद्भुतातच अडकून पडला, असेही नाही. ‘डॉक्टर’चे तीन भाग (१९१८ ते १९२०) सामाजिक आहेत, रानड्यांच्या परंपरेतल्या वाचकालाही ते परके वाटू नयेत. ‘वीरधवल’ वाचणारे आणि ‘डॉक्टर’ वाचणारे वेगळे मानण्याची आपली सवय नंतरची असावी.

१९२१ पासून नाथमाधव शिवकालाकडे वळले. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू झालेल्या त्या मालेत मावळे पुन्हा गडकोट चढू लागले. २१ जून १९२८ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे लिहिणे थांबले.